घरची बोली आणि शाळेंतील इंग्रजी



दर वर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली, कीं पालकांकडून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "गुरुजी, आमच्या मुलाचें इंग्रजी कच्चें आहे, घरीं आम्हीं काय करावें?" विचारणारे कधीं पांझरेच्या कांठचे शेतकरी असतात, कधीं रेल्वेंतले नोकर, कधीं पेठेंतले दुकानदार, परंतु प्रश्न एकच, आणि त्यामागची तळमळही एकच. पुष्कळ वर्षें मी या प्रश्नाला एक ठराविक उत्तर देत असें. मी म्हणत असें, "घरीं अहिराणी बोलणें बंद करा. शुद्ध मराठी बोला, आणि जमेल तेवढें इंग्रजी बोला." हें सांगतांना आपण फार शहाणपणाचें सांगत आहों असें मला वाटत असे. आज माझें मत असें झालें आहे, कीं तें उत्तर चुकीचें होतें. आणि ज्या अर्थीं तें मीं अनेकांना दिलें, त्या अर्थीं त्यांतली चूक दाखविणें हेंही माझेंच कर्तव्य आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या पांचवीच्या वर्गांत एक मुलगा आला. घर शेतकऱ्याचें. गणितांत तो हुशार होता. पण इंग्रजीच्या तासाला उभा केला, कीं तोंडांतून शब्द फुटत नसे. मीं त्याच्या वडिलांना बोलावून वरील उपदेश केला. त्या भल्या माणसानें तो अक्षरशः पाळला. घरांत अहिराणीला बंदी झाली. आईबापांना जेवढें मोडकेंतोडकें इंग्रजी येत होतें, तेवढें तीं बोलूं लागलीं: 'कम', 'गो', 'ईट', 'सिट डाऊन'. पण त्या घरांत मुलाची आजीही होती, आणि तिला अहिराणीवांचून दुसरी भाषा येत नव्हती. वर्षाअखेर मुलाचें इंग्रजी जेथें होतें तेथेंच राहिलें. उलट मराठीच्या तासालाही तो गप्प बसूं लागला. एके दिवशीं कांहीं कामानिमित्त मी त्यांच्या घरीं गेलों असतां ती म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, मना नातू आते मनासंगे बोलत नही."

त्या एका वाक्यानें माझी मान खालीं गेली. मी स्वतः अहिराणी बोलणाऱ्या घरांत वाढलों. लहानपणच्या सगळ्या गोष्टी आणि जात्यावरच्या ओव्या मीं त्याच बोलींत ऐकल्या. पुढें वसतिगृहांत राहावयास गेलों, तेव्हां मीं 'शाळे'ला 'शाया' म्हटलें म्हणून बरोबरीचीं मुलें हंसलीं, आणि तेव्हांपासून ती लाज मी मनांत बाळगून होतों. तीच लाज मीं उपदेशाच्या रूपानें आपल्या विद्यार्थ्याच्या घरांत नेऊन ठेविली होती, हें मला त्या दिवशीं कळलें.

ही एका घराची गोष्ट झाली. परंतु अशीं घरें आपल्या खानदेशांत हजारों आहेत. आपला प्रांत पूर्वीपासूनच अनेक भाषांचा. १९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढें जळगांव व धुळें हे जिल्हे झाले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला. या मुलुखांत धुळें, साक्री, शिंदखेडें, अमळनेर, पारोळें, चाळीसगांव या बाजूस अहिराणी ऐकूं येते, यावल, रावेर, भुसावळ या बाजूस लेवा गणबोली, जामनेराकडे तावडी, सातपुड्यांत पावरी व भिलांच्या बोली, नवापुराकडे मावची, बंजाऱ्यांच्या तांड्यांत गोरमाटी, शहरांतल्या मोहल्ल्यांत उर्दू, आणि पेठेंत मारवाडी, गुजराती व सिंधी. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जातो, आणि भुसावळच्या जंक्शनावर तर चारी दिशांच्या भाषा उतरतात. एकदां मीं आपल्या वर्गांत सहज विचारून पाहिलें, तेव्हां सात निरनिराळ्या घरभाषा निघाल्या. त्या सात भाषांच्या मुलांना मी एकच मराठी पुस्तक हातीं देऊन शिकवीत होतों, आणि तें पुस्तक सर्वांच्या मातृभाषेंत आहे असें खुशाल समजत होतों.

येथें एक गोष्ट पालकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी हीच मुळीं दुसरी भाषा असते आणि इंग्रजी ही तिसरी. तो ज्या पायरीवर उभा आहे ती घरच्या बोलीची. पुढची पायरी चढावयाची म्हणून पायाखालचीच पायरी काढून घेतली, तर मूल वर जाईल कीं खालीं पडेल?

आतां कोणी म्हणेल, कीं अहिराणी ही भाषा नव्हेच, ती बिघडलेली मराठी. मग ती टाकली तर बिघडलें काय? या समजुतीला विद्वानांचा आधार नाहीं. सर ग्रियर्सन यांनीं हिंदुस्थानच्या भाषांची जी मोठी पाहणी केली, तिच्या नवव्या खंडाच्या १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या भागांत खानदेशी भाषेला भिलांच्या भाषांबरोबर स्वतंत्र जागा दिलेली आहे, आणि तिचें गुजरातीशीं असलेलें नातेंही दाखविलें आहे. भारताच्या जनगणनेंतही खानदेशी निराळी मोजली जाते. २००१ च्या गणनेंत खानदेशी या सदराखालीं सुमारे २० लाख ७५ हजार लोक होते. २०११ मध्यें ते सुमारे १८ लाख ६० हजार राहिले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि भाषा सांगणारे मात्र दोन लाखांहून अधिक कमी झाले. एवढे लोक कोठें नाहींसे झाले असें नव्हे. अहिराणी बोलणारे कित्येक लोक मातृभाषा विचारली असतां 'मराठी' असें सांगतात. तसें सांगण्यांत गैर कांहीं नाहीं, मराठी आपली आहेच. परंतु त्या उत्तरामागें कित्येकदां माझ्यासारखीच लाज दडलेली असते, हें मी अनुभवानें सांगतों.

व्याकरणाच्या दृष्टीनें पाहिलें तरी घरची बोली इंग्रजीच्या आड येत नाहीं. उलट कांहीं ठिकाणीं ती मदतच करते. अहिराणींत 'तो जास' म्हणजे तो नेहमीं जातो, आणि 'तो जाई राहिना' म्हणजे तो या क्षणीं जात आहे. इंग्रजींतला साधा वर्तमानकाळ आणि अपूर्ण वर्तमानकाळ यांतला जो भेद शिकवितांना आम्हां शिक्षकांचा घसा कोरडा पडतो, तो भेद या मुलाच्या तोंडांत जन्मापासून आहे. त्याला फक्त त्याची ओळख करून द्यावयाची असते. उच्चारांचेंही तसेंच. आमच्याकडील कित्येक गांवीं 'डोळा' न म्हणतां 'डोया' म्हणतात, 'पाणी' न म्हणतां 'पानी' म्हणतात, आणि त्यापायीं मुलांना बोलणीं खावीं लागतात. पण ज्या इंग्रजीच्या नांवानें आपण त्या मुलाला दटावतों, त्या इंग्रजींत 'ळ' नाहीं आणि 'ण'ही नाहीं! म्हणून कोणी इंग्रजांस अशुद्ध म्हणत नाहीं. मराठी शुद्ध लिहितां यावी, 'ळ' च्या जागीं 'ळ' पडावा, हें शाळेनें अवश्य शिकवावें. परंतु निराळेपणा म्हणजे गांवढळपणा, असें मात्र शिकवूं नये.

मग इंग्रजी कसें यावें? याचें उत्तर मला पुस्तकांपेक्षां त्याच मुलानें अधिक चांगलें शिकविलें. आजीच्या त्या वाक्यानंतर मीं त्याला एके दिवशीं जवळ बोलावून अहिराणींतच विचारलें, कीं घरीं सध्यां काय चाललें आहे. प्रथम तो बिचकला. मग बोलूं लागला, आणि बोलतच राहिला. शेतांत बोंडें फुटलीं होतीं, मजूर मिळत नव्हते. तो म्हणाला, "माय कापूस वेची राहिनी." तें वाक्य मीं फळ्यावर लिहिलें. त्याखालीं मराठी लिहिलें, आणि त्याखालीं इंग्रजी: 'माय मदर इज पिकिंग कॉटन.' इंग्रजींतला 'माय' म्हणजे आई नव्हे तर 'मना', हें कळतांच तो खुदकन् हंसला. इंग्रजीच्या पुस्तकासमोर तो हंसलेला मीं त्या दिवशीं प्रथमच पाहिला. पुढें तो इंग्रजींत पहिला आला असें कांहीं झालें नाहीं. पण तो उत्तीर्ण होत गेला, आणि चुकत कां होईना, उभा राहून बोलूं लागला. मूक मुलापेक्षां चुकणारें मूल शिक्षकाला शतपटीनें बरें वाटतें, कारण चूक सुधारतां येते. मौन सुधारतां येत नाहीं.

यांतलें तत्त्व साधें आहे. मुलाच्या मनांत कल्पना प्रथम घरच्या भाषेंत रुजते. माठांतलें पाणी गार कां होतें, हें ज्याला आजीनें माठ दाखवून समजावलें आहे, त्याला पुढें 'बाष्पीभवन' हा शब्द आणि त्यानंतर 'इव्हॅपोरेशन' हा शब्द, ही फक्त ओळखीच्या माणसाचीं नवीं नांवें होत. ज्याला माठाची गोष्ट कोणीं सांगितलीच नाहीं, त्याला वस्तुही नवी आणि शब्दही नवा. तो बिचारा दोन्ही पाठ करतो आणि परीक्षेनंतर दोन्ही विसरतो. युनेस्को या जागतिक संस्थेनें १९५३ सालींच सांगून ठेविलें, कीं मुलाला शिकविण्याचें सर्वांत उत्तम साधन म्हणजे त्याची मातृभाषा. आपल्या देशाच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणांतही निदान पांचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत, घरची किंवा प्रांताची भाषा हें माध्यम असावें असें म्हटलें आहे.

केवळ इंग्रजी लवकर सुरू केल्यानें तें येतें असेंही दिसत नाहीं. आपल्या राज्यांत २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. ही योजना चांगल्या हेतूची होती व तिच्यामुळें खेड्यांतल्या मुलाची इंग्रजी अक्षरांशीं लवकर ओळख झाली, हें मी कृतज्ञतेनें मान्य करतों. परंतु 'असर' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या देशव्यापी ग्रामीण पाहणींत २०२२ सालीं असें आढळलें, कीं पांचवींतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्याच मुलांना सोपीं इंग्रजी वाक्यें वाचतां येतात, आणि आठवींत तें प्रमाण निम्म्याच्याही आंत आहे. तेव्हां मुलगा इंग्रजींत मागें पडला, तर त्याचा दोष त्याच्या आईच्या बोलीवर टाकण्यापूर्वीं आम्हीं शिक्षकांनीं आपल्या शिकविण्याकडे पाहावें हें बरें. २०११ च्या गणनेप्रमाणें १२१ कोटींच्या या देशांत इंग्रजी मातृभाषा सांगणारे लोक अडीच लाखांहून थोडेच अधिक निघाले. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी जाणणारे धरले तरी एकूण संख्या तेरा कोटींच्या आसपास जाते, म्हणजे दहांत एक. ज्या देशांत दहांतल्या नऊ जणांना इंग्रजी येत नाहीं, तेथें तें आपल्या घरांत बोललें जात नाहीं याची लाज कसली? इंग्रजी हें बहुतेक घरांत शाळेंतूनच जावयाचें आहे, आणि तें नीट पोंचविणें हें आमचें काम आहे. आमचें काम आम्हीं आईबापांच्या गळ्यांत घालूं नये.

हा वाद आजचा नव्हे. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळांत तो जोरांत चालला होता. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे. तर नाना शंकरशेट यांचें म्हणणें असें, कीं ज्ञान सर्वसाधारण लोकांपर्यंत पोंचवावयाचें असेल, तर तें देशभाषांतूनच पोंचेल. नाना कांहीं इंग्रजीचे वैरी नव्हते. मुंबईंत इंग्रजी शिक्षणाच्या संस्था उभ्या करण्यांत त्यांचाच मोठा हात होता. इंग्रजी हवें, पण देशभाषेच्या जागीं नको, एवढाच त्यांचा आग्रह होता. १८५४ सालीं विलायतेहून जो वुडसाहेबांचा खलिता आला, त्यांतही इंग्रजीनें देशभाषांची जागा घेऊं नये हेंच तत्त्व सांगितलें होतें. एवढ्या वर्षांनीं तोच धडा आपण आपल्या घरांत पुन्हां गिरवीत आहों.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या मिशनच्या शाळांत शिकलेल्यांनीं तरी विसरूं नये. ज्या परकीय लोकांनीं येथें इंग्रजी शाळा काढल्या, त्यांच्यापैकीं ज्यांचें काम टिकलें, ते आधीं आपली भाषा शिकले. विल्यम कॅरी यांनीं मराठीचें व्याकरण १८०५ सालीं छापलें व कोश १८१० सालीं. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, त्याची वाढविलेली आवृत्ति १८५७ सालीं आली, आणि आजही मराठी शब्द अडला कीं जाणकार तोच कोश उघडतात. गांवोगांवचे शब्द त्यांनीं आदरानें टिपून घेतले. परक्यांनीं ज्या शब्दांसाठीं एवढे कष्ट केले, ते शब्द आपण आपल्या मुलांच्या तोंडांतून पुसून टाकावे, याला काय म्हणावें?

उलट आपल्यापैकीं ज्यांनीं इंग्रजीची थोरवी सर्वांत आधीं ओळखली, त्यांनीं तरी आपली भाषा कोठें सोडली? सावित्रीबाई फुले यांनीं १८५४ सालच्या आपल्या 'काव्यफुले' या संग्रहांत इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला आहे. पण तो उपदेश मराठी कवितेंत आहे, कारण तो ज्यांच्यासाठीं होता त्यांना तो समजावयास हवा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला व लंडनला शिकले, इंग्रजींत त्यांनीं मोठमोठे ग्रंथ लिहिले. परंतु आपल्या लोकांशीं बोलण्यासाठीं १९२० सालीं 'मूकनायक' आणि १९२७ सालीं 'बहिष्कृत भारत' हीं पत्रें त्यांनीं मराठींतच काढलीं. इंग्रजी त्यांना वर घेऊन गेलें, आणि मराठीनें त्यांना आपल्या माणसांत ठेविलें.

आणि घरच्या बोलीची थोरवी पाहावयास जळगांवच्या माणसाला दूर जाण्याचें कारणच नाहीं. जळगांवाजवळच्या आसोदें या गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत व घरांत काम करतां करतां त्या आपल्या बोलींत ओव्या रचीत. घरच्यांनीं त्या उतरून घेतल्या. १९५१ सालीं त्या वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचे चिरंजीव कवि सोपानदेव यांनीं तीं गाणीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केलीं. सारा महाराष्ट्र थक्क झाला. १९९० सालीं जळगांवीं स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचेंच नांव आहे. ज्या शहरांत पदवीच्या कागदावर या बाईंचें नांव छापलें जातें, त्याच शहरांत त्यांच्या बोलींत बोलल्याबद्दल एखाद्या मुलीला घरीं किंवा शाळेंत गप्प केलें जावें, ही विसंगति आपल्याला बोंचली पाहिजे.

आतां पालकांच्या शंकेचा विचार करूं. ते म्हणतात, "गुरुजी, तुमचें म्हणणें खरें, पण पुण्या-मुंबईला गेल्यावर आमच्या मुलांचा हेल ऐकून लोक हंसतात. डॉक्टरकीचें, इंजिनियरिंगचें, वरच्या कोर्टाचें सगळें काम इंग्रजींत. मुलाचें आयुष्य एकच; प्रयोग कसे करावे?" ही शंका मी हलकी समजत नाहीं. त्या हंसण्याचा चटका मला ठाऊक आहे. इंग्रजी यावयासच हवें, आणि तें चांगलें यावयास हवें. त्याविषयीं माझें दुमत नाहीं. ज्यांच्या घरीं आईबाप दोघेही सफाईनें इंग्रजी बोलतात, त्यांनीं तें मुलाशीं अवश्य बोलावें. माझी भीति निराळ्या घरांविषयीं आहे. ज्या घरीं इंग्रजी येत नाहीं, आणि येणारी भाषा बोलावयाची नाहीं, त्या घरीं उरतें काय? चार आज्ञा आणि बाकी शांतता. मुलगा पडला तर त्याला समजवावयास शब्द नाहीं, त्याला राग आला तर तो सांगावयास शब्द नाहीं, शंका आली तर विचारावयास शब्द नाहीं. असें मूल दोन भाषांच्या मध्यें अधांतरीं वाढतें. एक त्यानें सोडली, दुसरी त्याला मिळाली नाहीं. लोक आपल्याला हंसतील या भीतीनें आपण मुलाला मुकें करावें, हा सौदा तोट्याचा आहे.

आणि मुलाच्या डोक्यांत इतक्या भाषा मावतील कशा, ही काळजी तर मुळींच करूं नये. भुसावळच्या स्टेशनावरचा हमाल सेठजीशीं एक भाषा बोलतो, साहेबाशीं दुसरी व घरीं तिसरी. आठवड्याच्या बाजारांतली भाजीवाली गिऱ्हाईक पाहून बोली बदलते. त्यांना हें कोणीं शिकविलें? भाषा एकीवर एक रचल्या जातात. एक आली म्हणून दुसरीला जागा कमी पडत नाहीं.

शेवटीं, माझ्या जुन्या उपदेशाच्या जागीं आज मी काय सांगेन, तें थोडक्यांत लिहितों.

आईबापांनीं मुलाशीं त्याच भाषेंत बोलावें, जींत त्यांना हंसतां, रागावतां व समजावतां येतें. रोज संध्याकाळीं "आज काय शिकलास?" एवढें विचारावें, आणि इंग्रजीचा धडा असला तरी त्याचा अर्थ घरच्या बोलींत सांगावयास लावावें; ज्याला अर्थ सांगतां आला त्याला धडा समजला. रोज पंधरा मिनिटें मुलानें इंग्रजी पुस्तक मोठ्यानें वाचावें व कोणींतरी शेजारीं बसून ऐकावें. ऐकणाऱ्याला तें समजलें नाहीं तरी चालेल. वाचणारा अडखळला हें तर कोणाच्याही कानाला कळतें. आजी-आजोबांच्या गोष्टी बंद पडूं देऊं नयेत.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही एक वही करा. तिच्या पानावर तीन रकाने आंखा: पहिल्यांत घरचा शब्द, दुसऱ्यांत मराठी, तिसऱ्यांत इंग्रजी. रोज पांच शब्द लिहिले, तरी वर्षाकांठीं दीड हजारांहून अधिक शब्द तुमचे होतील, आणि त्यांपैकीं एकही उसना वाटणार नाहीं. रोज इंग्रजींत चार-पांच वाक्यें स्वतःच्या घराविषयीं लिहा; गाईविषयींचा पाठ केलेला निबंध नको, तुमच्या गोठ्यांतल्या गाईविषयीं लिहा. चुकण्यास भिऊं नका. आणि दुसऱ्याच्या बोलीला हंसूं नका. हंसणाऱ्याला त्या हंसण्याचा विसर पडतो, ऐकणाऱ्याला पडत नाहीं.

आम्हां शिक्षकांनीं वर्गांत पहिलें उत्तर कोणत्याही भाषेंत येऊं द्यावें. मग त्याचें मराठी करावें, मग इंग्रजी. सातपुड्यावरून आलेल्या मुलाला त्याच्या बोलींत 'ये, बैस' एवढे दोन शब्द म्हणतां यावे, इतके कष्ट तरी आम्हीं घ्यावे. आणि कोणत्याही पालकाला "घरची भाषा बंद करा" असें पुन्हां सांगूं नये.

त्या मुलाची आजी आज हयात नाहीं. तिच्या शेवटच्या दिवसांत तो तिच्या उशाशीं बसून तिच्याशीं बोलत असे, असें त्याच्या वडिलांनीं मला सांगितलें. कोणत्या भाषेंत, हें मीं विचारलें नाहीं. विचारण्याची गरज नव्हती. येत्या जूनमध्यें शाळा उघडेल आणि तोच प्रश्न घेऊन पालक पुन्हां येतील. त्यांनीं अवश्य यावें. या खेपेस माझें उत्तर निराळें असेल, आणि त्यांना घरीं जाऊन कोणालाही गप्प करावें लागणार नाहीं.